हिमोग्लोबिन ५.६ : एका ऊसतोड कामगार महिलेच्या मूळव्याधीचं प्रकरण

बीड जिल्ह्यातल्या एका गावची ३८ वर्षांची बाई. तीन मुलं, तिन्ही बाळंतपणं नॉर्मल. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे टोळीच्या हिशोबात एक जोडी. दसरा-दिवाळीला टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायचं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये गावी परतायचं, असं लग्न झाल्यापासून चालू आहे. मे महिन्यात ती आमच्याकडे आली ती धाप लागते म्हणून. मूळव्याधीचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. पिशवीत दुसऱ्या एका हॉस्पिटलची फाईल होती, आणि त्या फाईलमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला. हिमोग्लोबिन फार कमी असल्यानं तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त वाढवून या, मग ऑपरेशन करू, असं सांगितलं होतं. "तेवढं रगत वाढवून द्या मॅडम," एवढीच तिची मागणी होती. (पेशंटच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

डोळ्याची पापणी खाली ओढली तर आतून कागदासारखी पांढरी. नाडी मिनिटाला ११२, पायांवर सूज, नखं चपटी होऊन मध्ये खोलगट झालेली. चुलीची भाजलेली माती खावीशी वाटते का, असं विचारल्यावर ती लाजून हसली. लोह फार कमी झालं की माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, आणि आपल्याकडच्या बायका विचारल्याशिवाय ते कधी सांगत नाहीत. वजन ४२ किलो. हिमोग्लोबिन ५.६, तांबड्या पेशी लहान आणि फिकट, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ४, प्लेटलेट्स वाढलेल्या. म्हणजे लोहाची कमतरता, तीही बऱ्याच वर्षांची. दोन-चार महिन्यांत रक्त एवढं उतरलं असतं तर ती चालत आलीच नसती. हळूहळू उतरत गेलं म्हणून शरीर निभावून नेत होतं आणि ती ५.६ वर मोळ्या वाहत होती.

फाईलमधल्या सोनोग्राफीत 'बल्की युटेरस' लिहिलं होतं. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सहकारी हा शब्द वाचून वैतागतात. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणारच. गाठ नाही, आतलं अस्तर जाड नाही, तर निव्वळ आकारावरून काही काढायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. बीडमध्ये हे वाचताना आणखी एक गोष्ट डोळ्यासमोर येते. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्यावरून बराच गदारोळ झाल्यावर राज्य सरकारनं समिती नेमली. तेव्हाच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. या बाईचं नाव त्या यादीत जायला फार थोडं उरलं होतं.

प्रश्न साधा होता. पाळीत एवढं रक्त जातं का?

"पाळी किती दिवस असते?"

"चार दिस."

"दिवसाला कापड किती वेळा बदलावं लागतं?"

"दोन टाइम. लई झालं तर तीन."

चार दिवस, दोन-तीन कापडं, महिन्याच्या महिन्याला. एवढ्यावर हिमोग्लोबिन ५.६ होत नाही. पण फाईलच्या पहिल्याच ओळीत 'पाळीत अतिरक्तस्राव' लिहिलेलं. तिनं तिथं काय सांगितलं होतं, ते आमच्या सिस्टरनं तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं : "खालून रगत जातंय." त्यापुढं तिला कुणी काही विचारलं नव्हतं. सिस्टरनं नवऱ्याला केसपेपर काढायला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "ताई, रक्त नेमकं कधी जातं? पाळीच्या वेळी का संडासच्या वेळी?"

मग सगळं बाहेर आलं. धाकटा पोटात होता तेव्हापासून. तो आता नऊ वर्षांचा. संडासला बसलं की थेंब थेंब, कधी पिचकारी उडते. दुखत नाही. मोड बाहेर येतो, हातानं आत ढकलावा लागतो. मोळी डोक्यावर घेतली की पुन्हा खाली उतरतो. हंगामात रोज रक्त जातं, गावी असताना एक-दोन दिवसांआड.

नऊ वर्षं हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही अर्धवटच. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. दवाखान्यात जायचं तर बरोबर सासू किंवा नवरा, आत डॉक्टर पुरुष, पडद्याबाहेर पाच माणसं. मूळव्याधीचे पुरुष पेशंटसुद्धा "जरा गॅसेसचा त्रास आहे" म्हणून सुरुवात करतात.

तपासणी

डाव्या कुशीवर झोपवून, पडदा ओढून, सिस्टरला शेजारी उभं करून तपासलं. बाहेर कातडीचे दोन लोंबते तुकडे, चीर नाही, पू नाही. बोटानं तपासल्यावर गाठ लागली नाही. इथं एक गैरसमज सर्रास दिसतो : आतली मूळव्याध बोटाला लागत नाही, ती मऊ असते आणि दाबली की रिकामी होते. बोट घालायचं ते मूळव्याध शोधायला नव्हे. गुदाशयातला कर्करोग, अर्धवट भरलेला फोड, आवळलेला स्नायू यांसाठी. हाताला काही कठीण, खडबडीत लागलं तर पुढचा सगळा विचारच बदलतो. मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावत राहिलेले गुदाशयाच्या कर्करोगाचे पेशंट प्रत्येक सर्जननं पाहिलेले असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना त्या वर्षभरात कुणी बोटानं तपासलेलं नसतं.

प्रोक्टोस्कोप, म्हणजे गुदद्वाराच्या आत पाहायची छोटी नळी, घालून कुंथायला सांगितलं. घड्याळाच्या भाषेत ३, ७ आणि ११ वाजता तीन गाद्या फुगल्या. ३ आणि ११ च्या सरळ नळीबाहेर आल्या, ११ च्या टोकाला ताजा रक्ताचा ठिपका. ७ ची लहान होती, आपणहून आत गेली.

या गाद्या रोगामुळे उगवत नाहीत. सगळ्यांनाच जन्मापासून असतात. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्या, स्नायूचे धागे आणि सैल ऊती यांच्या तीन उशा असतात, आणि त्या नळाच्या वॉशरसारखं काम करतात : स्नायू मिटला तरी जी बारीक फट राहते ती या भरून काढतात. गुदद्वार मिटून राहण्याच्या दाबातला सुमारे १५ ते २० टक्के वाटा यांचा. इंग्लंडमध्ये थॉमसन यांनी १९७५ मध्ये हे नीट मांडलं, तोवर मूळव्याध म्हणजे पायावरच्या निळ्या शिरांसारख्या फुगलेल्या शिरा, असंच शिकवलं जाई. वर्षानुवर्षं कुंथल्यानं या गाद्यांना जागेवर धरून ठेवणारे धागे ताणतात, तुटतात, गाद्या खाली घसरतात आणि कडक मळ त्यांच्यावर घासत जातो. त्यातलं रक्त धमन्यांकडून आलेलं, म्हणून लालभडक. गरोदरपणात पोटातला दाब वाढतो, संप्रेरकांमुळे ऊती सैल पडतात, बद्धकोष्ठही असतं. त्यामुळे तिची सुरुवात धाकट्याच्या वेळी झाली, हे अगदी जुळतं.

दुखत नाही, याचंही कारण शरीररचनेतच आहे. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक दातेरी रेघ असते. तिच्या वरच्या अस्तराला कापल्याची, टोचल्याची वेदना कळत नाही. खालच्या कातडीला बोटाच्या टोकाइतकी कळते. आतली मूळव्याध रेघेच्या वरची, म्हणून रक्त जातं पण दुखत नाही. संडासला बसलं की सुरीनं कापल्यासारखं होतं आणि नंतर तासभर ठणकतं, अशी तक्रार असेल तर तिथं बहुधा चीर असते. एका रात्रीत बाहेर वाटाण्याएवढी निळी, टणक, भयंकर दुखणारी गाठ आली तर ती बाहेरच्या शिरेत गोठलेलं रक्त. पेशंट पहिल्या तीन दिवसांत आला तर ती काढून टाकता येते, नंतर ती आपोआपच विरत जाते. चीर, गाठ, भगंदर, कर्करोग, सगळ्यांना घरात मूळव्याधच म्हणतात, आणि दुकानातलं एकच मलम सगळ्यांवर लागतं.

श्रेणी ठरवायला उपकरण लागत नाही, पेशंटचं बोलणं पुरतं. नुसतं रक्त जातं, बाहेर काही येत नाही : पहिली. बाहेर येतं, आपणहून आत जातं : दुसरी. हातानं ढकलावं लागतं : तिसरी. ढकलूनही जात नाही : चौथी. आमच्या पेशंटनं स्वतःच तिसरी सांगितली होती.

रक्ताचा हिशोब

"एवढंसं रक्त जाऊन माणूस पांढरा पडतो का?" हा प्रश्न तिच्या नवऱ्यानं विचारला, आणि तो रास्त होता. साधारण दोन चमचे, म्हणजे दहा मिली निरोगी रक्तात पाच मिलीग्रॅम लोह असतं. आपलं आतडं जेवणातून दिवसाला एक-दोन मिलीग्रॅम लोह शोषतं. कमतरता असेल तर थोडं जास्त. म्हणजे रोज दोन चमचे गेले तरी जमा कमी, खर्च जास्त. त्यात महिन्याची पाळी, तीन बाळंतपणं आणि भाकरीबरोबर दोन वेळचा चहा, जो लोह शोषू देत नाही. नऊ वर्षांत खातं रिकामं व्हायला आणखी काही लागत नाही.

आणि यात एक दुष्टचक्र होतं, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तिला वेळोवेळी लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या : आशाताईंकडून लाल गोळ्या, खासगी दवाखान्यातून कॅप्सूल. गोळ्यांनी मळ कडक झाला, कडक मळानं रक्त वाढलं, रक्त गेल्यानं हिमोग्लोबिन आणखी उतरलं, म्हणून गोळ्या वाढवल्या. शेवटी तिनंच त्या बंद केल्या. "गोळी खाल्ली की जास्त जातं," हे तिचं निरीक्षण बरोबर होतं. फाईलवर मात्र 'औषध नियमित घेत नाही' असा शेरा पडला.

पायाला सूज आणि धाप असल्यानं रक्ताची एक पिशवी हळूहळू चढवली, हिमोग्लोबिन ६.७ झालं. उरलेली तूट शिरेतून लोह देऊन भरायची होती. हिशोब असा : वजन ४२, लक्ष्य १३, मूळचं ५.६, फरक ७.४. ४२ गुणिले ७.४ गुणिले २.४ म्हणजे सुमारे ७४६, अधिक साठ्यासाठी ५००. एकूण साधारण १२५० मिलीग्रॅम. चढवलेल्या पिशवीतून दोन-अडीचशे मिळालं होतं, म्हणून हजार दिलं. वजन कमी असल्यानं एकाच वेळी हजार न देता पाचशे-पाचशेचे दोन डोस आठवड्याच्या अंतरानं. हे इंजेक्शन स्वस्त नाही, पण तिला पुन्हा गोळ्या देण्यात अर्थ नव्हता. जंताचं औषधही दिलं, कारण शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या आतड्यात हुकवर्म असेल तर तोही गुपचूप रक्त पितो.

आता एक प्रामाणिक अडचण. डोळ्यांदेखत रक्त सांडणारी मूळव्याध दिसली, तरी हिमोग्लोबिन ५.६ चं खापर लगेच तिच्यावर फोडायचं का? मूळव्याध इतकी सर्रास असते की तिच्या आडून वरचा कर्करोग किंवा आतड्याची सूज सहज निसटते. नियम म्हणून मी चाळिशीच्या पुढच्या कुणालाही मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी सांगते. हिची चाळिशी आली नव्हती, पण रक्त एवढं कमी की वयाकडे बघण्यात अर्थ नव्हता. मात्र ६.७ वर जुलाबाचं औषध देऊन आतडं साफ करणं धोक्याचं. म्हणून खालच्या भागाची छोटी तपासणी लगेच केली आणि पूर्ण कोलोनोस्कोपी चार आठवड्यांनी, हिमोग्लोबिन ९.२ झाल्यावर, जिल्ह्याच्या ठिकाणी करवून घेतली. लहान आतड्याच्या तोंडापर्यंत सगळं साफ होतं. तेव्हा कुठं मी केसपेपरवर 'मूळव्याधीमुळे रक्तक्षय' असं लिहिलं.

बँडिंग

कोलोनोस्कोपीची वाट पाहायला वेळ होता, रक्त थांबवायला नव्हता. दाखल झाल्याच्या चौथ्या दिवशी ११ आणि ३ च्या गाद्यांना रबरी कडी घातली. प्रोक्टोस्कोपमधून गादीचा वरचा भाग ओढून घ्यायचा आणि तिच्या बुडाशी घट्ट रबरी कडं सोडायचं. रक्तपुरवठा तुटतो, पाच ते दहा दिवसांत तुकडा गळून पडतो, आणि तिथं होणाऱ्या व्रणानं उरलेली गादी वर चिकटून बसते. अमेरिकेत बॅरन यांनी १९६३ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही दुसऱ्या आणि बऱ्याच तिसऱ्या श्रेणीच्या मूळव्याधीवरचा पहिला इलाज आहे. भूल लागत नाही, कारण कडं दातेरी रेघेच्या वर बसतं. चुकून खाली बसलं तर पेशंट तिथल्या तिथं ओरडतो, आणि ते लगेच कापून काढावं लागतं.

धोका असतो तो तुकडा गळताना. सातव्या ते दहाव्या दिवशी क्वचित जोरात रक्त जातं. चांगलं हिमोग्लोबिन असलेल्या माणसाला घरी पाठवून चालतं. हिला चाललं नसतं. गावातल्या नणंदेकडे दहा दिवस राहायची सोय झाली, दवाखान्यापासून रिक्षानं पाच मिनिटांवर. ताप, लघवी अडकणं आणि वाढत जाणारं दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्री दोनलाही या, असं नणंदेला बजावून ठेवलं. बँडिंगनंतर ओटीपोटात जंतुसंसर्ग अगदी विरळा होतो, पण झाला तर जीवावर बेततं. तसं काही झालं नाही. नवव्या दिवशी कापडावर थोडं रक्त दिसलं, तेवढंच.

जूनच्या अखेरीस ती आली तेव्हा रक्त पूर्ण थांबलं होतं, आणि तोंडावर रंग होता. पण पाण्याची घागर उचलली की ३ ची गादी अजून बाहेर येत होती.

पुढं काय करायचं?

पुस्तकात उत्तर सोपं आहे : पुन्हा बँड. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या 'हबल' चाचणीत बँडिंग झालेल्यांपैकी ४९ टक्के जणांना वर्षभरात त्रास परतला. डॉप्लरनं, म्हणजे ध्वनिलहरींच्या उपकरणानं, धमनी शोधून ती बांधण्याच्या शस्त्रक्रियेत ३० टक्के. दुसऱ्यांदा बँड बांधायची तयारी असेल तर हा फरक बराच कमी होतो. शहरात राहणाऱ्या, सहा आठवड्यांनी पुन्हा येऊ शकणाऱ्या माणसाला मी हेच सुचवते.

हिचं आयुष्य सहा आठवड्यांच्या हप्त्यात बसत नव्हतं. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली होती, आणि ऑक्टोबरमध्ये टोळी निघणार म्हणजे निघणार. फडात खाडा झाला की पैसे कापले जातात. तिथं जानेवारीत रक्त सुरू झालं तर ती पट्टा पडेपर्यंत कुणाला सांगणार नाही, हे मला आणि तिलाही माहीत होतं. हातात होते जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. शस्त्रक्रियेच्या जखमा भरायला चार ते सहा आठवडे लागतात. "एकदाच काय ते करून टाका, पुन्हा यायला जमायचं न्हाई," असं तिनंच म्हटलं, आणि मला ते पटलं.

नवऱ्यानं मात्र एसटी स्टँडसमोरच्या पाटीचा विषय काढला : 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज'. तिथं इंजेक्शन देतात. फिनॉल तेलात मिसळून मूळव्याधीच्या बुडाशी टोचणं ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीला ती चालते. पाटीखाली मात्र सिरिंजमध्ये काय असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. दाहक द्रव टोचल्यानं गुदद्वाराची कातडी जळून, आकसून नळी करंगळी जाणार नाही इतकी अरुंद झालेले पेशंट आमच्याकडे येतात, आणि तो त्रास मूळव्याधीपेक्षा कितीतरी वाईट. औषध नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे' मध्ये ज्या आजारांवर औषधानं बरं करण्याचा दावाच करता येत नाही, त्यांत मूळव्याध आणि भगंदर आहेत. पाट्या तरीही उभ्या आहेत, काही तर नगरपालिकेच्या दिव्याच्या खांबावर.

आयुर्वेदाबद्दलही त्यानं विचारलं. सुश्रुतानं अर्शासाठी, म्हणजे मूळव्याधीसाठी, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि कुठला कधी हेही सांगितलं. आपण आज श्रेणी पाहून इलाज ठरवतो ते याहून फार वेगळं नाही. क्षारसूत्राचा, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याचा, चांगला उपयोग भगंदरात होतो, त्याची भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं रीतसर चाचणीही घेतली आहे. प्रशिक्षित वैद्य असेल तर माझी हरकत नसते. पण तिसऱ्या श्रेणीला नुसतं चूर्ण पुरणार नाही.

लेझरची जाहिरात मोबाइलवर त्यानंही पाहिली होती. दुखणं खरंच कमी होतं आणि माणूस लवकर कामाला लागतो. पण मोठ्या, बाहेर पडणाऱ्या मूळव्याधीत त्रास परतण्याचं प्रमाण कापून काढण्यापेक्षा जास्त आहे, आणि खर्च दुप्पट-तिप्पट. स्टेपलरनं करायच्या शस्त्रक्रियेचंही तसंच : सुरुवातीला सुख, पुढं त्रास परतण्याची शक्यता जास्त. मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेली उघडी शस्त्रक्रिया अजून टिकून आहे ती यामुळेच. दुखते भरपूर, पण टिकते.

ऑगस्टमध्ये, हिमोग्लोबिन ११.१ असताना, कमरेत भूल देऊन ३ ची आणि ११ ची उरलेली गादी काढली. ७ ची सोडून दिली. दोन जखमांच्या मध्ये कातडीचा पूल राखावा लागतो; सगळं एकाच वेळी साफ करण्याचा मोह झाला की भरताना गुदद्वार आकसतं. पहिल्या रात्री लघवी अडकली, एकदा नळी घालून काढली. या शस्त्रक्रियेनंतर ते नेहमीचंच.

तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा संडासला गेली, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून म्हणाली, "बाळंतपण बरं व्हतं." वेदनाशामक गोळ्या, मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक, रात्री मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज, आणि दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं. पुस्तकात यासाठी टब असतो. तिच्या घरी मोठं प्लास्टिकचं घमेलं होतं, तेच वापरलं. पाण्यात डेटॉल नको, तुरटी नको, काही नको. पाचव्या आठवड्यात जखमा भरल्या.

हंगाम

औषधानं जे होण्यासारखं होतं ते इथवर झालं. पुढचा भाग कोपीवर, म्हणजे ऊसतोड टोळीच्या झोपडीवर, राहायचा होता, आणि त्याची मला जास्त काळजी होती.

टोळीच्या वस्तीवर बांबूच्या कोपी असतात, संडास बहुधा नसतो. बायका उजाडायच्या आत जाऊन येतात. दिवसभर फडात पुरुषांच्या डोळ्यांदेखत जायला जागा नसते, म्हणून कळ आली तरी दाबतात. आणि लघवीलाही जावं लागू नये म्हणून पाणी कमी पितात. मळ आतल्या आत सुकतो. तिच्या बद्धकोष्ठाचं मूळ इथं होतं, तिखटात नव्हे. ठेच्यानं मूळव्याध होते असं सगळे म्हणतात. चीर किंवा ताजी जखम असताना तिखट झोंबतं हे खरं, पण मूळव्याध त्यानं होते याला आधार नाही. मी ठेचा बंद करायला सांगितलाच नाही. भाकरीत तंतू चांगले असतात, तिचं अन्न शहरातल्या ब्रेड-बिस्किटवाल्यांपेक्षा मुळात बरंच होतं. कमी होतं ते पाणी, पालेभाजी आणि डाळ. फडाच्या बांधाला घोळ, पाथरी उगवते, ती रोज एका वेळी भाकरीबरोबर घ्यायची ठरली.

याशिवाय इसबगोल. तंतूंचा पूरक आहार नियमित घेतला तर मूळव्याधीचं रक्त जाणं साधारण निम्म्यानं कमी होतं, हे अनेक चाचण्या एकत्र पाहून २००५ मध्येच दिसून आलं आहे. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय या आजारात दुसरा नाही, तरी पेशंटला मलम लिहून दिल्याशिवाय समाधान होत नाही. रात्री दोन चमचे पेलाभर पाण्यात, वर आणखी एक पेला पाणी. पाण्याशिवाय खाल्लं तर आतच गोळा होऊन बसतं, हे तिला दोनदा सांगितलं. पाच महिन्यांचा साठा बरोबर दिला. लोहाची गोळी रोज न घेता एक दिवसाआड; अशानं शोषणही बरं होतं आणि पोटाचा त्रासही कमी.

मोळी उचलण्याबद्दल मात्र नवऱ्याशी चक्क घासाघीस करावी लागली. पहिले दोन महिने तिनं मोळी डोक्यावर घेऊ नये, तोडावं आणि बांधावं, वाहणं त्यानं करावं, असं मी लिहून दिलं. "मग गाडी भरायची कुणी?" तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी दिवाळीपर्यंत, असं ठरलं.

पुढच्या मे महिन्यात ती आपणहून आली, या वेळी नवऱ्याशिवाय. दिवाळीनंतर मोळ्या वाहिल्या होत्या. इसबगोल जानेवारीतच संपलं होतं, कारण कोपीतल्या आणखी दोघींना त्यातलं दिलं होतं. हंगामात तीन-चार वेळा ठिपकाभर रक्त दिसलं, बाहेर काही आलं नाही. हिमोग्लोबिन १०.९, फेरिटिन १८. प्रोक्टोस्कोपमध्ये ३ आणि ११ च्या जागी सपाट व्रण. ७ ची गादी मागच्या वर्षीपेक्षा मोठी झालेली. तिला त्याच दिवशी बँड बांधला, आणि या खेपेला नणंदेकडे राहायची गरज पडली नाही. लोहाची गोळी एक दिवसाआड चालू ठेवली आहे. सप्टेंबरमध्ये, टोळी निघायच्या आधी, हिमोग्लोबिन पुन्हा पाहायचं आहे. पाळी पूर्वीसारखीच चार दिवस आहे, आणि पिशवीच्या ऑपरेशनची जुनी फाईल तिनं आमच्याकडेच ठेवायला दिली आहे. ज्या दोघींना इसबगोल दिलं, त्यांना पोळ्यानंतर तपासायला घेऊन यायला सांगितलं आहे.